चाल कुणाची?

वीर वामनराव जोशी (१८८१-१९५६) आमच्या अमरावतीचे. त्यांचं नाव निघालं की वऱ्हाडात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक त्यांचा तुरुंगवास आणि दुसरी ‘रणदुंदुभी’ हे नाटक. १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, मास्टर दीनानाथांनी त्यात तेजस्विनीची भूमिका केली आणि त्यातली पदं घरोघर पोचली. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या पदांना चाली कुणी दिल्या असं विचारलं की चांगले जाणते लोकसुद्धा गप्प होतात. काही जण दीनानाथांचंच नाव सांगतात. बरोबर उत्तर आहे रामकृष्णबुवा वझे.

यात काय एवढं मोठं, असं कुणी म्हणेल. गाणं लक्षात आहे ना, मग झालं. मला मात्र ते पटत नाही. पारतंत्र्याच्या काळात, विशेषतः दोन महायुद्धांच्या आसपास, मराठी संगीत नाटकानं जे राजकारण केलं त्याचं श्रेय आपण लेखकाला देतो, नटाला देतो, क्वचित कंपनीच्या मालकालाही देतो. ज्यांनी ते राजकारण लोकांच्या तोंडी बसवलं त्या गवई-वादकांना आपण कारागीर समजून बाजूला ठेवतो. मला हा अन्याय वाटतो. शिवाय त्यामुळे आपला इतिहासही अर्धवट राहतो. तो कसा, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या काळच्या प्रेक्षकाचा विचार करू. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं सामान्य माणसाच्या हातून हत्यार गेलं होतं. परवान्याशिवाय बंदूक नाही, तलवार नाही. असा नि:शस्त्र माणूस रात्री नाटकाला जाई आणि रंगमंचावर सेनापती, रणांगण, उपसलेली तलवार बघे. मराठी नाटकात त्या काळी इतके सेनापती का, याचं मला वाटतं हेच एक कारण आहे. घरात जे ठेवता येत नव्हतं ते नाटकगृहात बघायला मिळत होतं.

सरकारलाही हे कळत होतं. १८७६ चा नाट्यप्रयोगांबद्दलचा कायदा त्यासाठीच होता. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी लगेच ओळखलं आणि थोडं उशिरा सरकारनंही ओळखलं. १९१० च्या जानेवारीत नाटकावर बंदी आली. हे नाटक गद्य होतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. संवादच संवाद. संवादाचं भाषांतर करून साहेबापुढे ठेवता येतं, अमुक वाक्य राजद्रोहाचं असं लाल शाईनं दाखवता येतं.

त्याच खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ च्या मार्चमध्ये आलं. हे संगीत नाटक. त्याचा नायक धैर्यधर हा सेनापतीच आहे, धनानं गरीब पण शौर्यानं मोठा. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे मूळचे पेटीवाले. उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीची वळणं त्यांनी मराठी नाटकात आणली आणि लोक वेडे झाले. आता शौर्य श्रीमंतीपेक्षा मोठं ही गोष्ट गुलाम देशात साधी नाही. पण ती प्रेमकथेच्या आणि गोड चालीच्या पोटात बसून आली. पदाचे शब्द तपासता येतात. पण चाल ऐकून माणसाची मान ताठ झाली तर तो गुन्हा कोणत्या कलमाखाली घालणार? सरकारी तपासनिसाजवळ याला उत्तर नव्हतं.

आता पहिल्या महायुद्धाकडे येऊ. टिळक मंडालेहून सुटले जून १९१४ मध्ये आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. टिळकांनी या युद्धात सरकारला मदत करायला नकार दिला नाही, पण त्या मदतीची किंमत मागितली. ती किंमत म्हणजे स्वराज्य. १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत लॉर्ड विलिंग्डननं युद्धपरिषद बोलावली. तिथे टिळकांनी राजकीय हक्कांचा विषय काढताच त्यांना अडवण्यात आलं आणि ते सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते. युद्धाकडे कसं बघावं याबद्दल आपल्या मोठ्या माणसांतही एकमत नव्हतं.

या टिळकपक्षाचा वऱ्हाडातला आधारस्तंभ म्हणजे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. टिळकांसाठी ते विलायतेला गेले, होमरूलच्या चळवळीत राहिले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९०५ साली मुंबईत जे पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं त्याचे अध्यक्षही दादासाहेबच होते. वऱ्हाडचा पुढारी नाट्यसंमेलनाचा अध्यक्ष, यात तेव्हा कुणाला विसंगत वाटलं नाही. राजकारण आणि नाटक एकाच बैठकीतले विषय होते.

आमच्या बडनेऱ्याचंही यात थोडं काम आहे. मुंबई-नागपूर रेल्वेच्या मुख्य रस्त्यावर बडनेरा, आणि इथून अमरावतीला फाटा. कापसाच्या पैशानं वऱ्हाडची बाजारपेठ खेळती होती, ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात ते उगाच नव्हे. नाटक कंपन्यांना असा मुलूख हवाच असे. कंपनी येणार म्हणजे पडदे, पेटारे, आचारी, नट असं सगळं बिऱ्हाड रेल्वेनं येणार. त्या बिऱ्हाडात तबल्याची जोडी असे, गवसणीतली सारंगी असे, आणि जपून उतरवावा लागणारा पायपेटीचा ऑर्गन असे. नटाला बघायला लोक गोळा होत. सारंगीवाला कोण, हे विचारायला कोण जाणार?

युद्ध चालू असतानाच, १९१६ च्या डिसेंबरात, गंधर्व नाटक मंडळीचं ‘स्वयंवर’ आलं. लेखक पुन्हा खाडिलकर. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवा म्हणजे अनेक उस्तादांकडे शिकून तयार झालेला मोठा ख्यालगायक. त्यांनी ख्यालाच्या बंदिशी मराठी शब्दांत अशा बसवल्या की ज्या शेतकऱ्याला, कारकुनाला मैफलीत कुणी बोलावलं नसतं तोही राग गुणगुणू लागला. त्याला रागाचं नाव सांगता येत नसे, एवढंच. मला ही फार मोठी सामाजिक घटना वाटते. दरबारातली विद्या चार-आठ आण्यांत लोकांच्या मालकीची झाली. स्वराज्य म्हणजे आणखी वेगळं काय असतं? पण होमरूलच्या काळाचा इतिहास लिहिताना भास्करबुवांचं नाव कुणी घेत नाही.

टिळक १९२० मध्ये गेले. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र ‘मानापमान’ केलं, तो प्रसिद्ध संयुक्त प्रयोग. त्याच्या आठवणी आजही रंगवून सांगतात. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक देशकार्यासाठी एका मंचावर आले ही गोष्ट थोरच आहे. पुढे तीनच महिन्यांत केशवराव वारले, म्हणून तिला हुरहुरही चिकटली. पण ज्या चालींवर ही झुंज रंगली त्या गोविंदराव टेंब्यांच्या होत्या आणि रात्रभर साथ करणारे वादक होते. गोष्ट सांगताना दोन नावं येतात. तिसरं येत नाही.

आता वझेबुवांकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तेच आहेत. बुवा सावंतवाडीकडचे, जन्म १८७१. गाण्यासाठी लहानपणीच घर सोडलं, हाल सोसत ग्वाल्हेरला पोचले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. अनवट राग हा त्यांचा खास प्रांत. गाण्याचा बाज आक्रमक, घुमारेदार. नाटक कंपन्यांसाठी चाली देणं हे त्यांचं आयुष्यातलं एक काम. केशवराव भोसले, बापूराव पेंढारकर, दीनानाथ अशा नटांनी त्यांची तालीम घेतली.

‘रणदुंदुभी’ला चाली बुवांच्या. चार वर्षांनी, १९३१ मध्ये, त्याच बळवंत मंडळीनं सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ केलं. त्याच्याही चाली बुवांच्याच. आता या दोन नाटकांचे लेखक बघा. वामनराव टिळकांच्या मुशीतले, पुढे काँग्रेसच्या लढ्यात उतरलेले, तुरुंग भोगलेले. १९३० साली आमच्या अकोल्याकडे दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला, त्या लढ्याचं हे वातावरण. सावरकर तेव्हा रत्नागिरीला स्थानबद्ध, राजकारणात भाग घ्यायला बंदी. ‘संन्यस्त खड्ग’मध्ये बुद्धाच्या उपदेशानं सेनापती तलवार खाली ठेवतो, शत्रू चालून येतो, आणि तीच तलवार पुन्हा हातात घ्यावी लागते. सगळा रोख अहिंसेच्या राजकारणावर आहे, हे सांगायला नको.

पुढे दुसरं महायुद्ध आलं तेव्हा हे दोन रस्ते आणखी लांब गेले. काँग्रेसनं १९३९ मध्ये मंत्रिमंडळं सोडली आणि १९४२ मध्ये ‘चले जाव’ म्हटलं. आमच्या विदर्भात आष्टी आणि चिमूरला रक्त सांडलं. सावरकर हिंदुमहासभेचे अध्यक्ष. हिंदूंनी सैन्यात शिरावं, शस्त्रविद्या शिकून घ्यावी असा त्यांचा प्रचार. म्हणजे एकीकडे युद्धाला असहकार आणि दुसरीकडे सैन्यभरती. आजही या दोन बाजूंचे लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण दोघांच्याही नाटकातली पदं मराठी माणूस सारख्याच प्रेमानं ऐकतो. हे का होतं? दोन्हीकडे शब्द परके आहेत एकमेकांना, पण चालीमागचा माणूस एकच आहे. आणखी पुढे जाऊन बघितलं तर त्या माणसाची विद्या ग्वाल्हेरच्या एका मुसलमान उस्तादाच्या पायाशी मिळालेली आहे. हिंदुराष्ट्राच्या पुरस्कर्त्याचं नाटक त्या विद्येवर उभं राहिलं. यात मला कुणाला टोमणा मारायचा नाही. पण राजकारणानं आखलेल्या रेषा गाण्यानं कधी पाळल्या नाहीत, हे सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आपल्याकडे कुणाला मोठं करायचं म्हणजे त्याला देशभक्त ठरवण्याची खोड आहे. वझेबुवांना मी स्वातंत्र्यसैनिक ठरवत नाही. त्यांनी दोन्ही नाटकांना सारख्याच निष्ठेनं चाली दिल्या, कारण ते त्यांचं काम होतं. कंपनीनं शब्द आणून दिले, बुवांनी त्यांना जीव दिला. माझं म्हणणं असं, की एवढं पुरेसं आहे. आदर मिळायला त्यांच्या नावावर तुरुंगाची नोंद असायलाच पाहिजे का? ज्याच्या कामाशिवाय तो निरोप लोकांपर्यंत गेलाच नसता, त्याला त्या कामाबद्दल मानायला काय हरकत आहे?

गाण्यावरून राजकारण अंगावर घेणारे संगीतकारही होतेच. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव घ्या. ‘वंदे मातरम्’ हा त्यांच्या जिवाचा विषय. स्वातंत्र्यापूर्वी रेडिओवर ते गायला लागताच प्रक्षेपण तोडलं गेलं, तर त्यांनी रेडिओवरच बहिष्कार टाकला. नियमित मिळणारे पैसे सोडले. पुढे राष्ट्रगीत ठरवण्याच्या वेळी, ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजवता येत नाही असा आक्षेप आला, तेव्हा त्यांनी ते बँडवर बसवून दाखवलं. शेवटी राष्ट्रगीत म्हणून ‘जन गण मन’ आलं. पण एका नाटकवाल्या संगीतकारानं देशाच्या मोठ्या प्रश्नावर स्वतःच्या विद्येनिशी वाद घातला होता. हा प्रसंग माझ्या मते शाळेत शिकवला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ नाटकवाल्या वादकांना वाईटच गेला. खरं तर त्याआधीच बोलपटानं पाया उखडला होता. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पुढच्या काही वर्षांत मोठमोठ्या कंपन्या बसल्या. बळवंत मंडळीही सिनेमात उतरली आणि कर्जात बुडाली. त्यात १९४० च्या मार्चमध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली. पेटीचे स्वर आपल्या संगीताला चालत नाहीत असा शास्त्रार्थ होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. शास्त्र खरं असेलही. पण ज्या पेटीनं दोन पिढ्यांना नाट्यसंगीत शिकवलं तिला सरकारी दारातून हाकललं गेलं, आणि तेही कंपन्या बंद पडून पेटीवाले कामाला मोताद असताना. युद्धाच्या बातम्यांच्या गर्दीत याबद्दल हळहळणार कोण?

एप्रिल १९४२. क्रिप्स साहेबांची योजना फिसकटली होती, जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले होते. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मास्टर दीनानाथ पुण्यात वारले. वय अवघं एक्केचाळीस, परिस्थिती ओढग्रस्तीची. त्याच वर्षी रांगणेकरांचं ‘कुलवधू’ आलं, मास्टर कृष्णरावांच्या चाली आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं गाणं. संगीत नाटक मेलं नव्हतं, एवढं त्यानं सिद्ध केलं. १९४३ मध्ये सांगलीला मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली, अध्यक्ष सावरकर. आणि १९४५ च्या मे महिन्यात, युरोपातलं युद्ध संपत असताना, वझेबुवा गेले.

आता दोन आक्षेपांचा विचार करतो. पहिला आक्षेप असा, की या चाली कुठे यांच्या स्वतःच्या होत्या? जुन्या बंदिशी उचलल्या आणि शब्द बदलले. काही बाबतीत हे खरं आहे. पण मराठी शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, नटाच्या गळ्याची ताकद ओळखून, प्रसंगाला शोभेल अशी बंदिश निवडणं हे सोपं काम नाही. ज्याला सोपं वाटतं त्यानं एक पद बसवून दाखवावं. आणि उसनवारी खरी असेल तर उपकार मानायची माणसं वाढतात, कमी होत नाहीत. मग त्यात उत्तरेतले उस्ताद आणि ठुमरी गाणाऱ्या बायाही येतात, ज्यांची नावं आपण आणखीच घेत नाही.

दुसरा आक्षेप, वादक म्हणजे पगारी माणसं. तर नटही पगारीच होते. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. थिरकवांना १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं, पण ते स्वतंत्र तबलावादक म्हणून. नाटकाच्या साथीत त्यांनी जी वर्षं घालवली ती त्यांच्या मोठेपणात धरायची का, याबद्दल लोक अजून घुटमळतात. कादरबक्षांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. बालगंधर्वांच्या स्वरामागे जी सारंगी धावते ती ऐकून आपण ‘वाहवा गंधर्व’ म्हणतो.

मी चाळीसेक वर्षं मुलांना मराठी शिकवलं. कविता शिकवताना कवीचं नाव, जन्म, मृत्यू, ग्रंथसंपदा सगळं फळ्यावर लिहायची पद्धत. नाट्यपद शिकवायचं झालं तरी तेच, नाटककाराची माहिती. एकदा एका मुलानं विचारलं, “गुरुजी, हे म्हणून दाखवा ना, नुसतं वाचून कसं समजन?” मी म्हणून दाखवलं, जमेल तसं. वर्ग शांत झाला. जे अर्धा तास अर्थ सांगून झालं नव्हतं ते दोन ओळी म्हटल्यावर झालं. त्या दिवसापासून मी फळ्यावर नाटककाराच्या नावाखाली चाल देणाऱ्याचंही नाव लिहायला लागलो. परीक्षेत त्याला गुण नव्हते, तरी लिहायचो.

मला कुणाचे पुतळे नको आहेत. आपल्या भागात पुतळे पुष्कळ झाले, त्यांच्याखाली कुणी थांबत नाही. दरवर्षी इकडे नाट्यसंगीताचे दोन-चार कार्यक्रम होतात. निवेदक पदाची ओळख करून देतात, नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, कुणी गाजवलं त्याचं नाव. मग टाळ्या. तिथे एक वाक्य वाढवायचं आहे, ‘चाल अमक्यांची’. आणि कार्यक्रम संपल्यावर पेटी आणि तबला वाजवणाऱ्या दोघांची नावं घाईत, खुर्च्या सरकण्याच्या आवाजात न घेता सुरुवातीला घ्यायची आहेत. याला पैसे लागत नाहीत. ‘रणदुंदुभी’चं पद अमरावतीत होणार असेल तर तिथे वामनरावांच्या नावाशेजारी वझेबुवांचं नाव आलंच पाहिजे, आणि विसरलं तर प्रेक्षकांतून कुणीतरी उठून विचारलं पाहिजे. मी तरी विचारतो.